जीवन सरांचा रोवणा

"मोडल व्हर्ब? अहो, डाव्या हातचा मळ!" जीवन सरांनी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर थाप मारून सांगितलं, तेव्हाच कुठेतरी पाल चुकचुकली असणार.

सिहोऱ्याजवळच्या त्या शाळेत सर वर्षानुवर्षं तासिकेवर, म्हणजे तासाच्या पैशावर, घासत होते. उद्या तपासणीचे साहेब येणार होते आणि संस्थेचे अध्यक्ष भय्याजी म्हणाले होते, "पाठ जमला त तुमाले पर्मनंट करून टाकू!" मग काय! सरांनी नववीकडून 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शुड' असे घोटून घेतले, की पोरं घरी पाणी मागतानाही 'मे आय' म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी सर पांढराशुभ्र शर्ट घालून वर्गात शिरले. बाकं रिकामी!

"पोरं कुठं गेली?"

"भय्याजीच्या रोवण्यावर जी," शिपाई परसराम म्हणाला. "आज शेवटचा दिस हाय."

ज्यानं पर्मनंट करायचं, त्यानंच वर्ग धान लावायला नेला! सरांनी गाडीला किक मारली आणि तडक शेत गाठलं. रोवण्याच्या शेवटच्या दिवशी बांधावर जो येईल त्याला बाया चिखलानं माखतात, हे घाईत ते साफ विसरले.

"गुरुजी आले वो!" नववीतल्या हर्षाची आई तुळसा ओरडली आणि पहिला गोळा सरांच्या छातीवर बसला.

"मावशी, साहेब येऊन राहिले! पोरं सोडा!"

"पयले एक ओळ लावा जी, मंग न्या!"

सर वाकले. वाकलेल्या माणसाला माखणं आणखी सोपं. ओळ संपेपर्यंत सरांचे फक्त डोळे तेवढे ओळखू येत होते.

तेवढ्यात जीप आली. भय्याजी साहेबांना शाळेआधी रोवण्याचं जेवण खाऊ घालायला घेऊन आले होते. सोबत छत्री धरलेला, कोरडा ठणठणीत त्यांचा भाचा अतुल.

साहेब रंगात आले. पोरं नववीचीच आणि आजचा पाठ मोडल व्हर्बचा, हे कळल्यावर समोरच्या हर्षाला म्हणाले, "'मस्ट' वापरून वाक्य सांग बरं."

"वुई मस्ट प्लांट पॅडी टुडे."

"वा! आणि 'शुड'?"

"वुई शुड बी इन स्कूल."

साहेब खूश! "प्रत्यक्ष शेतात इंग्रजी! कोण शिकवतं यांना?"

भय्याजींनी चिखलाकडे पाहिलं, छत्रीकडे पाहिलं. "हा आमचा अतुल!"

सर ताडकन उभे राहिले. ते चिखलातूनच ओरडले, "सर, आय ॲम द टीचर!"

साहेबांनी अतुलची पाठ थोपटली. "कमाल आहे! मजूरसुद्धा इंग्रजी बोलायला लागले!"

हर्षा काहीतरी सांगायला गेली, पण तुळसानं तिचा हात दाबला. मजुरी अजून भय्याजींच्याच खिशात होती.

महिन्याभरात अतुल शाळेत पर्मनंट शिक्षक झाला. त्याच्या वर्गाचे पेपर आता जीवन सरच तपासतात. परवा परसराम भय्याजींचा निरोप घेऊन आला, "पुढच्या सालीबी रोवण्यावर या म्हनते. तुमचा हात चांगला चालते म्हनते."

सर भडकले. "काहून? यायलाच पाहिजे का?"

परसराम दाराकडे वळला.

"तासिका पाहिजे असन, त यावंच लागते जी."