तोंड मिटून पुढे जाणारे गायकवाडकाका

आमच्या चाळीतले गायकवाडकाका तोंड उघडं ठेवून कुणाच्याही पुढे जात नाहीत. नायगावच्या नाक्यावरून तुम्ही भाजी घेऊन रमतगमत घरी निघालेले असता. मागून झपझप पावलं येतात. सत्तरीतला एक काटकुळा माणूस ओठ घट्ट मिटून, नुकतीच दुपारची झोप झाल्यासारख्या चेहऱ्याने तुम्हाला मागे टाकतो. "काय काका?" म्हणालात तरी उत्तर नाही. कोपऱ्यावर वळावं, तर हेच गृहस्थ पानटपरीला धरून धापा टाकत उभे!

"मी दमलोय त्याचा पत्ता लागला काय तुला?"

नाही म्हणायचं. हो म्हटलं तर पुन्हा चालून दाखवतात.

काका बसचे कंडक्टर होते आणि खात्याच्या क्रॉसकंट्री संघात धावायचे. आपण फार वेगवान कधीच नव्हतो, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. "जोरात पळणारा जिंकला त्यात काय मोठं? आपल्यापेक्षा तगड्याला पाडायचं, त्याला डोकं लागतं." हे सांगतानाही एका जागी उभे राहत नाहीत. पेपर येरझाऱ्या घालत वाचतात, चहा पॅसेजमध्ये फिरत पितात. कप कुणाच्या दारात राहिला, हे शोधायला मग सगळा मजला लागतो.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोला, शांताकाकींना, अर्धांगवायूचा झटका आला. डावा पाय लुळा पडला. रोज चालल्या तर पाय सुधारेल, बसून राहिल्या तर गेलाच समजा, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि काकी बसून राहिल्या. काका खोलीत गोल गोल फिरत "ऊठ गं, चल गं" करायचे आणि काकी शांतपणे उशी सारखी करायच्या.

"आता काय चालू? लग्न झाल्यापासून ह्यांची पाठच बघतेय मी," त्या मला म्हणाल्या. "वळण आलं की तीपण नाय."

खोटं नव्हतं ते. बाजारात, लग्नकार्याला, चैत्यभूमीला, कुठेही जायचं तर काका वीस पावलं पुढे आणि काकी पिशवी सांभाळत मागे. मला काकांचा भयंकर राग यायचा.

तरीही यंदा मी त्यांचेच पाय धरले. आमच्या ऑफिसच्या स्पर्धेत बायकांची क्रॉसकंट्री असते, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात. हिशेब खात्यातली पल्लवी दरवर्षी मला मागे टाकते, आणि वर गोड हसते. मी बेचाळीसची, ती तिशीची. हसू मात्र मला सहन होत नव्हतं.

काकांनी तीन आठवडे मला शीवच्या किल्ल्याच्या चढावर पळवलं. "चढ संपला की सगळे हुश्श करतात. तू करायचं नाय. तिथंच पळायचं, सुजे!" वळणावर पल्लवीच्या नजरेआड झालं की दहा पावलं जीव खाऊन पळायचं. ती वळणावर येऊन बघते तो मी लांब, आणि तिथेच तिचा पाय जड होणार. सगळ्यात महत्त्वाचं, तिला ओलांडताना तोंड बंद. "नायतर कायतरी साधं विचार, घरातल्यासारखं. तुझी धाप ऐकली ना, की तिच्या अंगात दहा हत्ती येतात!"

रविवारी स्पर्धा झाली. चढ संपताना मी पल्लवीला गाठलं आणि सगळा जीव गोळा करून विचारलं, "काय गं, इथे चहा कुठे मिळतो?" ती बघतच राहिली. वळणापलीकडे माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी पुढे होते. मी सहावी आले, पल्लवी सातवी. पहिल्या पाचजणींना आम्ही दोघी जीव खाऊन कशासाठी भांडत होतो, याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळी हे काकांना कधी सांगते असं झालं होतं. धावतच जिना चढले आणि पॅसेजच्या तोंडाशी थबकले.

वॉकर धरून काकी चालत होत्या. डावा पाय फरफटत होता, पण चालत होत्या. आणि चार पावलं मागे काका भिंतीला धरून, तोंड वासून, हाऽ हाऽ धापा टाकत येत होते.

काकींनी मागे बघितलं. "अहो, एवढ्यात दमलात? बसा तिकडे स्टुलावर!" असं म्हणून त्यांनी वॉकर जोरात पुढे टाकला आणि नळाच्या कोपऱ्याला वळल्या.

मी काकांचा दंड धरला. "काका, डॉक्टरांना बोलावू?"

काकांनी ओठ मिटले. धाप थांबली. श्वास अगदी संथ चालला होता.

"चार दिवस झाले," ते हळूच म्हणाले. "मला दम लागलेला ऐकला की चालते. काल जिन्यापर्यंत, आज नळापर्यंत." मग कोपऱ्याकडे बघत राहिले. काकी आता दिसत नव्हत्या. "पंचेचाळीस वर्षं ती मागनं आली बघ. मी वळणावर गायब व्हायचो. तिला असं वाटत असेल, हे मला कधी सुचलंच नाय."

कोपऱ्यापलीकडून काकींचा आवाज आला. "अहो, थांबू का तुमच्यासाठी?"

काकांचे डोळे भरून आले होते. "नको, तू हो पुढे!" ते ओरडले, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा धापा टाकत तिच्या मागे निघाले.