पांढऱ्या कागदांची निळी गाडी

मामांच्या खिशात कायम एक भिंग आणि एक कार्ड असे. कार्डावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'खाजगी अन्वेषक, संशयतज्ज्ञ, मानवी चेहऱ्याचे जाणकार वाचक.' खाली बारीक अक्षरांत, 'किरकोळ प्रकरणे स्वीकारली जात नाहीत.' मोठी प्रकरणं कुणी आणून देत नसल्यामुळे मामांचा दिवस तसा मोकळाच जाई. स्वतःविषयी बोलताना मात्र ते नम्र असत. आपल्याहून तल्लख माणूस जगात असू शकतो हे त्यांना मान्य होतं. तो अजून भेटलेला नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नोकरीत असताना ते दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासत. सगळं आयुष्य त्यात गेल्यामुळे समोरच्या माणसाने कुठेतरी अंगठा दाबून धरलेला आहे, ही त्यांची खात्री निवृत्तीनंतरही सुटली नाही.

त्यांची सहायक म्हणजे त्यांची भाची. ही नेमणूक तिला विचारून झाली नव्हती. शिकायला म्हणून ती मामा-मामींकडे राहायला आली आणि तिथलीच झाली. लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे पुन्हा कामाला लावणं हा तिचा व्यवसाय. हॉस्पिटलमधली नोकरी सोडून आता ती पेशंटच्या घरी जाऊन उपचार करणार होती आणि त्यासाठी तिला गाडी हवी होती, कारण उपचाराचं घडीचं टेबल बरोबर न्यावं लागे. ते तिने एकदा स्कूटरवर आडवं बांधून पाहिलं होतं. रस्त्याने जागा दिली, पण फळवाल्याची गाडी काही हलली नाही.

पहिल्या पेशंट ठरल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक आजी, घाटापलीकडे शहराच्या पार टोकाला राहणाऱ्या. इतक्या लांब कुणी येत नाही, येतो म्हणतात आणि येत नाहीत, असं त्या फोनवर म्हणाल्या होत्या. भाचीने त्यांना सोमवारी सकाळचा शब्द दिला होता. नोकरी सोडल्यापासून रात्री ती शिल्लक पैसे पुन्हा पुन्हा मोजत बसे, आणि आजींना दिलेला शब्द आठवला की मोजणं थांबे.

शोरूममध्ये जायच्या आधी मामांनी तिची शिकवणी घेतली. खरेदी म्हणजे चौकशीच, फक्त इथे गुन्हा आधीपासून माहीत असतो, असं त्यांनी सांगितलं. चेहरा कोरा ठेवायचा. आणि जी गाडी आवडेल तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

भाचीने आत पाऊल टाकताच निळी गाडी पाहिली आणि तिचा चेहरा कोरा राहिला नाही. कोपऱ्यात उभी होती ती. गडद निळी, मागे भरपूर जागा, टेबल सहज मावेल अशी. मामांनी तिचा दंड धरून तिला तसंच वळवलं आणि शेजारच्या पांढऱ्या गाडीपुढे उभं केलं.

मग मामांनी जे केलं ते पाहून नाटकवाल्यांनी त्यांना घरून न्यायला यावं. त्यांनी पांढऱ्या गाडीचं इतकं कौतुक केलं की टाय लावलेला विक्रेताही भारावून गेला. पांढरीच हवी, पांढरीशिवाय दुसरं काही बघणारसुद्धा नाही, निळा रंग आमच्या घरात चालत नाही, असं त्यांनी येईल-जाईल त्याला सांगितलं. विक्रेत्याला सांगितलं, मॅनेजरला सांगितलं, कागदपत्रं करणाऱ्या बाईंना त्यांच्या टेबलापाशी जाऊन दोनदा सांगितलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराला उगाचच सांगितलं. बाई भराभर फॉर्म भरू लागल्या. मामा भाचीच्या सह्यांच्या जागांवर बोट ठेवत गेले.

"वाचू नकोस," ते तिच्या कानात म्हणाले. "जो वाचतो तो घाबरलेला दिसतो."

तेवढ्यात तिला आजींचा फोन आला, सोमवारचं नक्की ना म्हणून. बोलता बोलता तिने सह्या केल्या.

सगळं उरकल्यावर मामांनी घाव घातला. मोठा सुस्कारा टाकून ते म्हणाले की पांढरी परवडत नाही बुवा, मनावर दगड ठेवून निळी नेऊ, पण काहीतरी कमी करा. विक्रेत्याने जरा विचार केला आणि रबरी पायपुसण्यांचा एक संच फुकट दिला. घरी येईपर्यंत मामा त्या पायपुसण्यांकडे जिंकलेल्या किल्ल्याकडे बघावं तसे बघत होते.

शुक्रवारी निळी गाडी दारात आली. शनिवारी सकाळी कागदपत्रांचं पाकीट आलं. भाचीने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं आणि रंगाच्या रकान्यापाशी थांबली. तिथे 'पांढरा' असं होतं. ती खाली जाऊन गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर बघून आली. तोही कागदावरच्या नंबराशी जुळत नव्हता. म्हणजे कागदोपत्री तिच्याकडे एक गाडी होती आणि दारात दुसरीच. विमाही त्या कागदावरच्याच गाडीचा. असल्या गाडीत बसून ती सोमवारी कुठेही जाऊ शकत नव्हती. तिने कागद पाकिटात घालून मामांना हाक मारली.

मामांना मात्र अंगात वारं शिरल्यासारखं झालं. भिंग बाहेर आलं. इतक्या वर्षांत प्रथमच प्रकरण आपल्या पायांनी घरी आलं होतं.

"त्यांना फोन करून विचारलंत का?" मामी कांदा चिरत म्हणाल्या.

"अगं, संशयिताला विचारायचं नसतं. त्याच्यावर नजर ठेवायची असते."

मामींनी सुरी पुन्हा कांद्यावर ठेवली. लग्न झाल्यापासून त्या हे ऐकत होत्या आणि कांदा चिरून व्हायचा होता.

पहिला निष्कर्ष दुपारच्या जेवणाआधी निघाला. गाडी मुळात पांढरी आहे, चोरीची आहे आणि वरून निळा रंग फासला आहे. मामा ओला रुमाल घेऊन मागचं दार घासू लागले. रुमालावर पांढरं काहीतरी आलं. त्यांनी तो रुमाल हवेत धरून भाचीला हाक मारली. आतला खरा रंग सापडला होता. भाचीने रुमालाचा वास घेतला आणि सांगितलं की ती टाल्कम पावडर आहे, मालिशची. काल टेबल आत मावतं का ते बघताना डबा सांडला होता. मामांनी थोडा वेळ विचार करून हा खुलासा 'तूर्त मान्य' केला.

दुसऱ्या निष्कर्षासाठी वेषांतर लागलं. एकाच कागदावर दोन गाड्या पळवणारी टोळी आहे, तेव्हा शोरूमवर पाळत ठेवणं भाग आहे, असं ठरलं. मामींचा काळा चष्मा, मिशी झाकली जाईल असा गुंडाळलेला मफलर आणि हातात वर्तमानपत्र, अशा थाटात मामा निघाले. भर उन्हात मफलर बघून वाटेत दोघांनी त्यांना घशाचं औषध सुचवलं.

तिकडे भाची खिडकीत बसून सोमवारचा हिशेब मांडत होती. स्कूटरवर टेबल बांधून तो घाट चढता येणार नाही. भाड्याची गाडी रोज केली तर फी तिच्यातच जाईल. आजींना फोन करून नाही म्हणावं लागेल, आणि त्या म्हणतील, हरकत नाही ग, मला सवय आहे. ते 'सवय आहे' तिला नुसत्या विचारानेच बोचत होतं. मामींनी तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि पाकिटावरचा शोरूमचा नंबर लावत त्या फोन घेऊन आत गेल्या.

त्या आत बोलत असतानाच, संध्याकाळी, मामा धापा टाकत परत आले. त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली आणि मगच मफलर सोडला.

पांढरी गाडी अजून काचेमागे उभी होती आणि तिच्यावर 'विकली गेली आहे' अशी पाटी होती. मामांनी रखवालदाराला गोड बोलून विचारलं की कुणी घेतली. रखवालदार मनमोकळा निघाला. त्याने सांगितलं की एक बाई आल्या होत्या, बिचाऱ्या गप्पच होत्या, पण त्यांच्याबरोबर एक मिशीवाले गृहस्थ होते. पांढऱ्या गाडीसाठी नुसते वेडे झाले होते. खिशात भिंग, बोलणं जरा तऱ्हेवाईक. मला म्हणाले निळा रंग घरात चालत नाही. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

"समजलं का काही?" मामा कुजबुजले. "मिशी माझ्यासारखी. भिंग माझ्यासारखं. टोळीने माझा तोतया उभा केलाय."

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू सरकून जागेवर बसत होतं.

"तोतयाची चाल अगदी हुबेहूब आहे," मामा पुढे म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात थोडं कौतुकही होतं. "फक्त तऱ्हेवाईक हा शब्द मला खटकला. तिथे त्यांचा अभ्यास कमी पडला."

मामी फोन ठेवून बाहेर आल्या. त्यांनी शोरूमला फोन केला होता, त्याला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नव्हता. कागदपत्रांच्या बाईंनी सगळं नीट सांगितलं होतं. तुमचे साहेब सगळ्यांना पांढरीच हवी म्हणत होते, म्हणून पांढरीचे कागद केले. नंतर निळी नेली, ते विक्रेत्याने आत कळवायला हवं होतं. तो कळवायला विसरला. चूक आमचीच आहे, उद्या रविवार असला तरी शोरूम उघडं असतं, या.

मामांनी मफलरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे तो तोतया," ते शेवटी म्हणाले.

"तुम्हीच," मामी म्हणाल्या.

मामा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. भाचीला आधी हसू आलं, मग राग आला, मग त्यांची पाठमोरी मान बघून वाईट वाटलं. तिला ठाऊक होतं की हा सगळा खटाटोप कुणी तिला फसवू नये म्हणूनच होता. तिच्या आयुष्यातली पहिली मोठी खरेदी होती आणि मामांना तिची काळजी वाटत होती. काळजी वाटली की त्यांना गुन्हेगार दिसत. पण त्या सगळ्या गडबडीत, तिला काय हवंय हे शोरूममध्ये कुणालाच कळलं नव्हतं, आणि तिनेही ते सांगितलं नव्हतं.

रविवारी तिघं शोरूममध्ये गेले. मॅनेजरने माफी मागितली आणि लगेच सोपा उपाय काढला. निळीचे कागद नव्याने करायचे तर आठवडा जाईल. त्यापेक्षा पांढरी घेऊन जा. कागद तयार आहेत, विमा तयार आहे, उद्यापासून चालवा. आणि साहेबांना तर पांढरीच आवडली होती.

सगळे मामांकडे बघू लागले. मामांनी घसा खाकरला. सवयीने त्यांचा चेहरा कोरा झाला आणि ते म्हणाले, "तसा निळीत आम्हाला फारसा रस—"

"मामा," भाची म्हणाली. "थांबा जरा."

ते थांबले.

ती मॅनेजरकडे वळली. तिचा चेहरा मुळीच कोरा नव्हता. "मला निळीच हवी आहे. दारातून आत आले तेव्हापासून हवी होती. ती खूप आवडली आहे मला. तुमची चूक झाली आहे, तर निळीचे कागद आठवड्यात करून द्याल असं आत्ता लिहून द्या. आणि उद्या सकाळी मला एका पेशंटकडे पोचायचं आहे. तोवर चालवायला गाडी द्या, टेबल मावेल अशी."

मामांनी डोळे मिटून घेतले. सगळे पत्ते उघडे टाकले होते पोरीने. आता हे लोक कापून काढणार.

"मॅडम, निळी आवडते हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना," विक्रेता कळवळून म्हणाला. "तो रंग कुणी घेत नव्हतं. उभी होती कधीची. तिच्यावर आम्ही सीट कव्हर, मागचा कॅमेरा आणि वर्षभराची सर्व्हिस फुकट देत होतो. तुमच्या साहेबांना सांगायला गेलो, तर त्यांनी बोलूच दिलं नाही."

मामींनी मामांकडे पाहिलं नाही. त्यांनी न पाहणं मामांना जास्त लागलं.

मॅनेजरने लिहून दिलं. राहिलेल्या सवलती आता देतो म्हणाला. शोरूमचा माणूस निळी घरून परत आणणार होता आणि कागद होईपर्यंत ती तिथेच राहणार होती, आणि तोवरच्या वापरासाठी त्याच्याकडे एकच गाडी मोकळी होती. लोकांना चालवून बघायला देतात ती. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर अक्षरांत 'मला आजच घरी न्या!' असं रंगवलेलं होतं आणि टपावर फुगवलेलं पिवळं चाक होतं. भाचीने मागचं दार उघडून टेबलाच्या लांबीइतके हात पसरून पाहिले. मावत होतं. तिने किल्ली घेतली.

निघताना विक्रेता सीट कव्हरच्या नमुन्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि सवयीने मामांपुढे धरला. साहेब, रंग कोणता?

मामांनी तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. गठ्ठा त्याच्या हातून घेतला आणि न उघडताच भाचीपुढे ठेवला.

"हिला विचारा," ते म्हणाले. "गाडी हिची आहे."

मग मॅनेजरने लिहून दिलेला कागद त्यांनी मागून घेतला, भिंग काढलं आणि वरपासून खालपर्यंत वाचायला सुरुवात केली. अगदी तळाशी छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचला. वाचणारा घाबरलेला दिसतो, हे या वेळी त्यांना आठवलं नाही.

सोमवारी सकाळी टपावर पिवळं चाक डुलवत भाची घाट चढून शहराच्या टोकाला पोचली. आजी काठी टेकून खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा सावरून गाडीच्या अंगावरची अक्षरं सावकाश वाचली, आणि मग दार उघडायला स्वतः चालत आल्या.