खारट महादेव

बेंबळीत आमच्या विहिरीइतकं गोड पाणी दुसरीकडं न्हाय, अन् माझ्याइतकी खबरदार बाई तर अख्ख्या निजामाच्या मुलखात न्हाय! आमच्या ह्यांनी हेच मुंबईच्या साहेबाला सांगितलं, अन् तिथंच घोटाळा झाला.

हे मुंबईला, समुद्रात बुडालेल्या जुन्या गलबतातलं सामान वर काढायच्या कामाला. शिमग्याला घरी आले, ते साहेबानं दिलेला तोफेचा गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून!

"गिरिजे, ह्याच्यात समुद्राचं मीठ मुरलंय. सुकला की फुटतोय. गोड्या पाण्यात ठेव, रोज पाणी बदल, चाखून बघ. अळणी लागलं की सांगावा धाड, मी न्यायला येतो. अन् तोफेचा हाय म्हणून कुणाला बोलू नको, पोलीस दारात येतील!"

दुसऱ्या दिवशी हे गेले. गोळा ओसरीवर दगडी कुंडीत बसला. मी रोज सकाळी ओंजळीत पाणी घ्यायची, डोळे मिटून चाखायची. खारट! म्हणजे हे इतक्यात येत न्हाईत. जीव लई तुटायचा.

एकदा शेजारच्या लक्ष्मम्मा दारात येऊन थबकल्या. काळाभोर गोळा पाण्यात बसलेला, अन् मी डोळे मिटून पाणी पितेय!

"अगं बया! महादेव कधी बसवलास?"

खरं सांगावं तर पोलीस! मी म्हणाले, "परवाच!"

त्यांनीही तीर्थ घेतलं. "खारट! शिव शिव! जागृत हाय गं!"

झालं! बेल काय, भस्म काय! ढोकीहून बैलगाड्या यायला लागल्या. लक्ष्मम्मा तीर्थ वाटायच्या, अन् मला माझ्याच ओसरीवर बसायला जागा मिळंना!

श्रावण गेला, दसरा आला, पाणी खारटच! मेल्यानं अख्खा समुद्र पिलाय की काय! शेवटी मीही हात जोडले. "बाबा, तोफेचा असलास तरी चालंल, पण अळणी हो. त्यांना घरी येऊ दे."

अन् एका सकाळी लक्ष्मम्मांना कुंडीत मूठभर मीठ टाकताना धरलं!

"अवो, हे काय?"

"ओरडू नको गं. नागपंचमीला तीर्थ अळणी लागलं. म्हटलं, देव निघाला! तवापासून मीच टाकते."

नागपंचमीला! तेव्हाच सांगावा गेला असता, तर पोळ्याला हे घरी असते! मी तिथंच बसून रडले. लक्ष्मम्मा पाठीवर हात फिरवत म्हणतात, "रडू नको, देव कुठं जात न्हाय!"

तेवढ्यात कोणीतरी दाराबाहेरची रांग मोडून आत घुसलं. "मागं व्हा, रांगेत या!" लक्ष्मम्मा ओरडल्या. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "अगं, हा तर तुझा नवरा, महांतप्पा!"

गोळा इतके महिने परत गेला न्हाय म्हणून साहेब कावला होता. ह्यांना म्हणाला होता, "जा, अन् मीठ निघंपर्यंत तिथंच बस!"

आता हे घरी असतात. रोज सकाळी पाणी चाखतात, तोंड वाकडं करतात. "गिरिजे, अजून खारट हाय गं!"

"व्हय? कमाल हाय बाई!" मी म्हणते.

लक्ष्मम्मांनी मीठ टाकायचं कवाच सोडलं. पण माझ्या सैपाकघरातलं मिठाचं मडकं हल्ली लई लवकर सरतंय. का, ते तेवढं विचारू नका!