शिरसाट भाऊसाहेबांची हरकत

आमच्या मुलीच्या बारशाला शिरसाट भाऊसाहेब आले, पाळण्यात वाकले, मग एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा हिच्याकडे, पुन्हा पाळण्यात बघितलं आणि भरल्या घरात निकाल दिला, "मूळ प्रतीशी जुळते. फक्त नाकाबद्दल हरकत आहे." ते नाक माझ्या सासूबाईंचं. त्या पुढची दोन वर्षं भाऊसाहेबांशी बोलल्या नाहीत, आणि भाऊसाहेबांना ते कळलंही नाही.

कळव्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. ठाण्याच्या कोर्टात ते नक्कल विभागात कारकून होते. कोर्टातल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, ते नाव त्यांच्याबरोबर घरापर्यंत आलं. त्यांचं काम एकच, रुजुवात. कुणी निकालाची नक्कल मागितली की टाइप केलेला कागद मुळाशी ताडून बघायचा. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवायचं. भाऊसाहेब वाचणारे. वाचताना ते स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचे, आणि वीस-बावीस वर्षांत ती सवय घरी आली. "चहा टाका, स्वल्पविराम, साखर बेताची, पूर्णविराम," हे आम्हाला खाली ऐकू यायचं. एकदा स्टुडिओवाल्याने हौसेने त्यांच्या हनुवटीवरचा मस पुसून फोटो दिले, तर यांनी सगळ्या प्रती परत केल्या. म्हणाले, "मूळ प्रतीत मस आहे."

असा माणूस व्हिडिओ गेम खेळत असेल असं वाटणार नाही. पण खेळायचा. टीव्हीला जोडायचा तो गेम त्यांनी मुलीसाठी घेतलेला. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, गेम इथेच राहिला. रोज संध्याकाळी नवरा-बायको रिमोट हातात घेऊन सतरंजीवर बसत. त्यांचा आवडता विमानवाला गेम. खाली आपलं विमान, वरून आणि दोन्ही बाजूंनी शत्रूची विमानं, मागे नुसतं काळंकुट्ट आभाळ. भाऊसाहेब त्यात अगदीच सामान्य. खरी तरबेज प्रमिलावहिनी. दिवसभर बालवाडीत चाळीस पोरं सांभाळायची आणि संध्याकाळी येऊन चाळीस विमानं पाडायची, तीही भाजी निवडता निवडता. बिल्डिंगच्या वर्धापनदिनाला आम्ही कॅरम, लिंबू-चमचा आणि व्हिडिओ गेमच्या स्पर्धा घ्यायचो. त्यात कॉलेजातली पोरं हरवून वहिनी लागोपाठ दोन वर्षं पहिल्या आल्या. दोन्ही वर्षी बक्षीस वॉटरबॅग.

तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्याच गेमची नवीन कॅसेट आणली. गेम तोच, पण रंगरंगोटी केलेला. आभाळात सूर्यास्त, गुलाबी ढग, लांब बर्फाचे डोंगर. आधी तीन लाइफ मिळायचे, आता सात. पोरं म्हणाली स्पर्धा नव्या कॅसेटवर घ्या, एकदम मख्खन आहे. समितीचा सेक्रेटरी मी. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराखालून कोर्टात वापरतात तसल्या हिरव्या लेजर पेपरवर, समास सोडून, टाचणी लावून भाऊसाहेबांचा हरकतीचा अर्ज आत आला.

'मूळ प्रतीत आभाळ काळे आहे,' त्यात लिहिलेलं, 'नवीन प्रतीत कारण नसताना डोंगर आहे. विमानांच्या लढाईत डोंगराचा संबंध काय, याचा खुलासा व्हावा. माणसाला जीव एक असतो. मूळ प्रतीने तीन दिले ती सवलत होती. सात हे लाड आहेत. सबब नवीन प्रत अतिशय सोपी असून स्पर्धेस अपात्र आहे.'

त्या आठवड्यात असे चार अर्ज आले. जिन्यात भेटेल त्याला भाऊसाहेब पकडायचे. "सोपा आहे हो! लहान मूल जिंकेल! मुळाची सर नाही!" आमचे अध्यक्ष तळमजल्यावरचे नाखवा, खाडीत स्वतःची होडी असलेला माणूस, आवाज वाऱ्यावर मोठा झालेला. ते मीटिंगमध्ये ओरडले, "आवं भाऊसाहेब, खेल हाय यो, खटला नाय!" सगळे हसले, मीही हसलो. बायकोची वॉटरबॅग जाईल म्हणून नवरा कासावीस झालाय, असं मला वाटलेलं.

शेवटी भाऊसाहेबांनी मला घरी बोलावलं. दोन्ही कॅसेटींची रीतसर रुजुवात घ्यायची, ते मूळ वाचणार, मी नकलेवर बोट ठेवणार. रविवारी सकाळी मी गेलो. आधी जुनी कॅसेट लावली. वहिनी खेळत होत्या, भाऊसाहेब वाचत होते. "डावीकडून दोन विमाने, स्वल्पविराम, वरून एक, स्वल्पविराम, गोळी पांढरी, पूर्णविराम." मी वहीत लिहून घेत होतो आणि हसू दाबत होतो. वहिनींनी बघता बघता सगळं आभाळ साफ केलं.

मग नवी कॅसेट लावली. वहिनींचे सात लाइफ मी वहीचं पान उलटेपर्यंत संपले.

"आता आला तो ढग होता का?" वहिनींनी विचारलं.

"विमान होतं," मी म्हणालो. मला ते स्वच्छ दिसलेलं. बाजूने येऊन त्यांच्या विमानावर सरळ आदळलेलं.

"बघितलंत?" भाऊसाहेब घाईघाईने म्हणाले, "दर्जाच नाही. माणसाला खेळावंसं वाटत नाही."

चहाचा कप उचलायला वहिनींनी हात नेला तो कपाच्या जरा अलीकडेच थांबला, मग बोटांनी चाचपत कपाच्या कानापर्यंत पोचला. मी वही मिटली.

मला सोडायला भाऊसाहेब एक मजला उतरून आमच्या दारापर्यंत आले. एरवी स्वतःच्या दारापर्यंतही येत नसत.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "समोरचं दिसतं. बाजूचं कमी होत चाललंय. काळ्यावर पांढरं असलं की कळतं तिला. त्या गुलाबी ढगांत काही कळत नाही."

"मग तुम्ही तो सोपा आहे म्हणून का ओरडताय?"

"अवघड आहे म्हटलं असतं, तर कुणाला अवघड, असं विचारलं असतं ना लोकांनी."

मी सुचवलं, वहिनींनी यंदा नाव देऊ नये. ते म्हणाले, "दोन वर्षं पहिली आलेली बाई का नाही खेळत, हे तिला विचारतील. ती खरं सांगेल, खोटं तिला येत नाही. आणि मग उद्यापासून सगळी बिल्डिंग तिचा हात धरून जिना उतरवायला धावेल. तिला ते नकोय. मी बोललो हेसुद्धा तिला कळता कामा नये." एवढं बोलताना त्यांनी एकही स्वल्पविराम उच्चारला नाही. मीटिंगमध्ये हसलो त्याची मला लाज वाटली.

मी समितीत जुन्या कॅसेटच्या बाजूने बोललो. कारण सांगता येत नव्हतं, त्यामुळे माझं बोलणं भाऊसाहेबांच्या अर्जांपेक्षाही हास्यास्पद झालं. नवी कॅसेट मंजूर झाली.

स्पर्धा खाली मांडवात, दुपारी चारला. मी पंच. वहिनी नवीन साडी नेसून आल्या आणि टीव्हीसमोर बसल्या. भाऊसाहेब त्यांच्या मागे उभे राहिले. गेम सुरू झाला तसा त्यांचा कोर्टातला आवाज लागला.

"डावीकडून एक, स्वल्पविराम, ढगाआडून दोन, स्वल्पविराम, उजवीकडे खाली गोळी, पूर्णविराम."

वहिनींनी पहिली गोळी चुकवली. मग दुसरी. भाऊसाहेब थांबेनात. ते शिरा ताणून वाचत होते, आणि वहिनींचा अंगठा त्या आवाजावर चालत होता.

"ओ सेक्रेटरी, ये तो चीटिंग है!" पोरं ओरडली. "बाहेरून सांगायचं नाही, नियम आहे!"

नियम होता. पाचवा. आदल्या वर्षी भाऊसाहेबांनीच मसुदा करून, माझ्याकडून रुजुवात घेऊन लावलेला. आयुष्यात ज्याने दुसऱ्याच्या कागदातला काना-मात्रा सोडला नाही, तो माणूस स्वतःचा नियम सगळ्यांदेखत मोडत होता. कान लाल झालेले, पण वाचणं चालूच. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला निर्णय देणं जड गेलं असतं.

मी उभा राहिलो. "भाऊसाहेबांना मोठ्याने वाचायची खोड आहे," मी म्हणालो, "ती सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. खोड म्हणजे मदत नव्हे. खेळ चालू."

नाखवांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पोरांवर खेकसले, "गप बसा रं! पंचानं सांगितलाय ना!"

वहिनी दुसऱ्या आल्या. चौथ्या मजल्यावरच्या रेश्माने शेवटच्या फेरीत त्यांना थोडक्यात मागे टाकलं. दुसरं बक्षीस स्टीलचा डबा. "बरं झालं," वहिनी हसत म्हणाल्या, "वॉटरबॅगा ठेवायला जागाच नव्हती." निकालावर भाऊसाहेबांनी अर्ज दिला नाही.

थोड्या वेळाने मी स्पर्धेसाठी आणलेला त्यांचा रिमोट परत द्यायला निघालो. पहिल्या मजल्यावर पोचलो तर वरून आवाज आला. दोघं जिना चढत होते. भाऊसाहेब हळू आवाजात वाचत होते, "कठड्याला ओली सतरंजी आहे. डावीकडे चपला, तीन जोड. इथे कुंडी."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही त्या सेक्रेटरींना सांगितलंत ना?"

वर पावलं थांबली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी रागावले नाही. बाजूचं तुम्ही बघा. समोरचं अजून मला दिसतंय."

मग त्यांच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. मी रिमोट घेऊन तसाच खाली परत आलो, उद्या दिला तरी चालणार होता.