लिमयेकाकूंचं फ्रेंच विद्यापीठ

लिमयेकाकू कुणाच्या घरी गेल्या की आधी चपला बघतात. घर नंतर. लग्न होऊन मी नाशिकहून सौदीतल्या जुबैलला आले, तेव्हा त्या खालच्या मजल्यावरून मला भेटायला आल्या. हातात नारळाच्या वड्यांचा डबा होता. तो माझ्या हातात द्यायच्या आधी उंबऱ्यातच थांबून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचे बूट कपाटात आणि तुझ्या चपला दाराबाहेर. का गं?"

"माझ्या जुन्या आहेत," मी म्हटलं.

"नव्या का नाही घेतल्या?"

"बाहेर कुठे जाते मी? कशाला घ्यायच्या?"

"अस्सं," म्हणून त्यांनी डबा दिला आणि आत येऊन बसल्या. पडद्यांचं कौतुक नाही, स्वयंपाकघर बघायला मागणं नाही. मी बिचकलेच. निखिल ड्यूटीवरून आल्यावर त्याला सांगितलं, तर तो बूट काढता काढता हसला. "त्या सगळ्यांनाच विचारतात. फ्रान्सच्या युनिव्हर्सिटीत शिकतात त्या."

पन्नाशी उलटलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या, डाळीत आमसूल घालणाऱ्या काकू फ्रान्सच्या युनिव्हर्सिटीत शिकतात, हे पचवायला मला वेळ लागला. पण ते खरं होतं. लग्नाआधी पुण्यात त्या हौसेनं फ्रेंच शिकल्या होत्या. लिमयेकाका इथल्या एका प्लांटवर मेंटेनन्सला लागले, त्यांच्यामागून काकू आल्या. मुलगा मोठा होऊन बंगळूरला गेला आणि काकूंनी घरबसल्या समाजशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. विद्यापीठ सरकारी. तिथे फक्त साहित्य, इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, असलेच विषय. इंजिनियरिंग नाही, मेडिकल नाही.

जुबैलमध्ये हे सांगणं सोपं नव्हतं. इथला मराठी माणूस बहुधा इंजिनियर असतो, आणि नसला तर त्याला इंजिनियर न झाल्याचं वाईट वाटत असतं. माझ्या पहिल्या दिवाळीत फराळाला जमलो होतो, तेव्हा निखिलच्या एका सहकाऱ्यानं चकली मोडत विचारलं, "काकू, म्हणजे तिथे एकही लॅब नाही?"

"आहे ना," काकू म्हणाल्या. "आत्ता तुम्ही बसलायत तीच."

त्यानंतर त्या गृहस्थांनी चकली खाली ठेवली आणि निघेपर्यंत जपून बोलले.

काकूंचं एक लाडकं वाक्य होतं. कुणी काहीही तक्रार केली की त्या म्हणायच्या, "हे वैयक्तिक नाही हं, सामाजिक आहे." निखिल घरी आला की फोनमध्ये डोकं घालून बसतो? सामाजिक. समोरच्या मुलाला मराठीत विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देतो? सामाजिक. एकदा त्यांच्याकडचे पोहे करपले, तेव्हा काकांनी ताट पुढे ओढत शांतपणे विचारलं, "हे सामाजिकच ना?" काकांचा विनोद मी तो एकच ऐकला. ते फार कमी बोलत.

फ्रेंचचा त्यांना रोजच्या व्यवहारातही उपयोग झाला, जरा वेगळ्या वाटेनं. काहीही पुढे ठेवलं की 'हे घ्या' अशा अर्थी त्या 'वॉला' म्हणत. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात मान टाकलेली कोथिंबिरीची जुडी त्यांनी येमेनी दुकानदारापुढे ठेवली आणि जोरात म्हणाल्या, "वॉला." अरबीत 'वल्ला' म्हणजे देवाशप्पथ. बाई कोथिंबिरीवरून देवाची शपथ घेतेय म्हटल्यावर तो बिचारा गडबडला. "खलास, खलास," म्हणजे पुरे, पुरे, असं म्हणत आतून ताजी जुडी घेऊन आला. तेव्हापासून आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका त्या दुकानात 'वॉला' म्हणतात.

दुसऱ्या वर्षी काकूंना प्रबंध लिहायचा होता. विषय त्यांनी घेतला, नवऱ्याच्या नोकरीमागून परदेशी आलेल्या बायकांचा दिवस. त्यासाठी बायकांशी बोलायचं होतं, आणि कुणाचंही नाव बाहेर फुटू द्यायचं नव्हतं. म्हणून मी झाले 'व्यक्ती क' आणि वरच्या मजल्यावरच्या रुबीनाभाभी झाल्या 'व्यक्ती ख'. भाभी रत्नागिरीच्या, त्यांच्या नवऱ्याचं इथे सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांना हे मुळीच पटलं नाही. "मी हिच्या किती आधी आले बिल्डिंगमध्ये. मग ही क कशी काय?" काकूंनी गुप्ततेचे नियम समजावून सांगितले. भाभींनी ते ऐकून घेतले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर सांगितलं की आपल्याला ख दिलंय.

माझी मुलाखत मंगळवारी दुपारी ठरली. काकूंनी फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि विचारलं, "काल सकाळी उठल्यावर तू काय केलंस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय काय?"

मी नाशिकला बँकेत काउंटरवर होते. दिवसभर माणसं यायची, मी बोलत असायचे. इथे निखिल कंपनीच्या बसनं गेला की दार लावायचं, आणि तो आला की उघडायचं. आईला फोनवर 'मजेत आहे' म्हणायचं. हे सगळं मी मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं. काकूंनी ना सल्ला दिला, ना दिलासा. त्या फक्त पुढचं विचारत गेल्या. दार लावल्यावर कुठे बसतेस? तिथून काय दिसतं? दिवसातलं पहिलं वाक्य कुणाशी बोलतेस?

पुढच्या मंगळवारी त्या परत आल्या. त्याच्या पुढच्याही मंगळवारी आल्या. मंगळवारी सांगायला काहीतरी हवं म्हणून मी बाहेर पडायला लागले. रुबीनाभाभींबरोबर समुद्राकाठच्या रस्त्यावर फिरायला गेले. त्यांच्याकडून तांदळाच्या भाकरीची उकड शिकले, त्यांना थालीपीठ शिकवलं. काकूंना त्याची बारीकसारीक माहिती हवी असे. पीठ कुणी मळलं, आधी कुणाच्या घरी, कोण काय म्हणालं.

एका मंगळवारी मात्र मला बोलताच येईना. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि मी इथे होते. मी रडायला लागले. काकू सवयीनं म्हणाल्या, "केतकी, हे वैयक्तिक नाही हं—"

"नाही काकू," मी म्हटलं. "माझी आई आहे ती. हे वैयक्तिकच आहे."

त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं. फोन बंद करून पर्समध्ये टाकला, उठल्या आणि माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन पिठलं-भात केला. जेवताना एकही प्रश्न विचारला नाही. मी त्यांना इतका वेळ प्रश्नाशिवाय कधीच पाहिलं नव्हतं.

आता मी इथल्या भारतीय शाळेत ऑफिसचं काम करते, भांडण्यापुरतं अरबी बोलते, आणि हे गाव मला आपलं वाटतं. याची सुरुवात त्या मंगळवारांपासून झाली. त्या विद्यापीठाला माझं नाव ठाऊक नाही. तरी ज्यानं कुणी ते काढलं, त्याचे मी मनातल्या मनात पुष्कळदा आभार मानलेत.

प्रबंधाची तोंडी परीक्षा लॅपटॉपवर झाली, काकूंच्या जेवणाच्या टेबलाशी. काका रजा घेऊन घरी होते. मी आणि भाभी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं सोफ्यावर बसलो होतो. फ्रेंचमधलं आम्हाला 'जुबैल' आणि 'थालीपीठ' एवढंच कळत होतं. काकूंच्या तिकडच्या मार्गदर्शक बाई चष्मा वरखाली करत प्रश्न विचारत होत्या आणि काकू उत्तरं देत होत्या. त्यांना असं भरभर, न अडखळता बोलताना पाहून भाभी माझ्या कानात म्हणाल्या, "ही बाय आपल्याला भाकरी कशी थापता विचारते होय?"

काकू पास झाल्या. बाईंनी आम्हालाही समोर बोलावलं आणि इंग्रजीत अभिनंदन केलं. भाभींनी आपण ख आणि ही क असं लगेच सांगून टाकलं, तेव्हा मला म्हणाल्या, "तुमच्या दोन्ही मुलाखती मला फार आवडल्या. दोनच होत्या, पण त्यांत खूप होतं."

मी हसून मान हलवली. दोन? काकू तर वर्षभर येत होत्या.

नंतर काकू शिरा करायला आत गेल्या. मी मागोमाग गेले. "काकू, दोनच लागत होत्या?"

त्या रवा भाजत होत्या. मागे वळल्या नाहीत. "हो. दिवाळीच्या आधीच झालं होतं तुझं."

"मग नंतर का यायचात?"

त्यांनी रव्यात आणखी चमचाभर तूप सोडलं. "मी इथे आले तेव्हा अशी बिल्डिंग नव्हती, आपली माणसं नव्हती. हे बारा बारा तास प्लांटवर. दुपारी माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. मग मी स्वतःशीच फ्रेंचमधून बोलायचे. स्वतःशी मराठीत बोललं की वेड लागल्यासारखं वाटायचं. फ्रेंचमध्ये बोललं की अभ्यास." त्या हसल्या. "म्हणून टिकली माझी फ्रेंच."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. "आणखी काय करायचात?" मी विचारलं.

"समोरच्या घरात एक फिलिपिनो बाई होती. ती गॅलरीत कपडे वाळत घालायला आली की मीही जायचे. हात हलवायचो एकमेकींना. रोज. एक दिवस ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिथे वेगळेच कपडे. नावसुद्धा माहीत नव्हतं गं मला तिचं. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय."

दारात काका उभे होते. कधी आले, कळलं नाही.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही दमून यायचात."

काका पुढे आले, त्यांनी काकूंच्या हातातून उलथनं घेतलं आणि गॅस बारीक केला. "बस तिथे," खुर्ची दाखवत ते म्हणाले. "रवा मी भाजतो. कशी होती ती बाई दिसायला?"

काकू बसल्या, आणि सांगायला लागल्या.