ढाका फुल्ल, टोकियो म्हातारं

आशिया खंड म्हणजे एक भलंमोठं बसस्टँड आहे, असं आमच्या शेजारच्या गुलाबभाऊंचं ठाम मत आहे. कुरखेडा-वडसा रस्त्यावर जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाचं दुसरं काय मत असणार!

पेपरात कुठल्या शहराच्या लोकसंख्येवर चार ओळी आल्या, की भाऊ ओसरीतल्या बाकावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात. बाकसुद्धा जुन्या बसमधला, भंगारातून आणलेला.

“ढाका फुल्ल हाये, लोकं दारात लटकून राह्यले. मनिला तसंच. जकार्ता तर एवढं भरलं, का त्यायनं दुसरी राजधानीच बांधाले काढली. ज्यादा गाडी!”

“अन् टोकियो?” मी मुद्दाम विचारतो.

“गाडी मोठी, पण नवे चढतच नाई. सारे म्हातारे बसून हायेत, अन् उतराचं नाव घेत नाई!”

मग बाकाच्या दांडीवर बोटाने दोन ठोके. टिंग टिंग. विषय संपला, गाडी सुटली.

त्याच म्हाताऱ्यांनी भाऊंची मुलगी वनिता नेली. नर्सिंग शिकून ती त्यांची काळजी घ्यायला टोकियोला गेली, त्याला तीन वर्षं झाली. काकू त्याआधीच वारल्या. पण भाऊंना एकटं म्हटलेलं खपत नाही.

“एकटा काऊन? अख्खा आशिया हाये ना!”

बाकाच्या कडेच्या सीटवर मात्र कायम एक निळा रुमाल. एकदा तो सरकवून मी बसायला गेलो.

“ऊठ गा! जागा धरली हाये.”

मला हसूच आलं. नोकरीत असताना याच माणसाने खिडकीतून टाकलेले शेकडो रुमाल बाहेर भिरकावले होते. “रुमालानं जागा नाई धरता येत!” ही गर्जना सगळ्या तालुक्याला पाठ होती.

वनिताचं येणं दोनदा रद्द झालं. दोन्ही वेळा भाऊंनी रुमाल धुऊन, वाळवून पुन्हा अंथरला.

यंदा धानकापणीच्या दिवसांत ती खरंच आली. भाऊ गल्लीभर ओरडत सुटले, “टोकियोत एक उतरली, कुरखेड्यात एक चढली!”

ओसरीत येताच तिने रुमाल पाहिला. “काय बाबा, रुमालानं जागा धरता येत नाई ना?”

“चालत्या गाडीत नाई येत,” भाऊ म्हणाले. “हे गाडी तू गेली तवापासून उभीच हाये.”

ती रुमाल उचलून त्यांच्या शेजारी बसली. मी सवयीने दोन ठोक्यांची वाट पाहत होतो. भाऊंनी दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून ठेवले होते.