नंदाबाई गाळात फसल्या

पुढच्या खोलीतून बेडकांचा आवाज यायला लागला तेव्हा नंदाबाई वांगी चिरत होत्या. गोंदियात, तेही दुसऱ्या माळ्यावर, बेडूक यावेत कुठून? विळी आडवी करून त्या बाहेर आल्या, तर आवाज टीव्हीतून येत होता. नात आचल गेमचं रिमोट दोन्ही हातांत धरून बसली होती. पडद्यावर वेणी घातलेली, चिलखत चढवलेली एक पोरगी पाण्याच्या काठाशी उभी होती. हिरवट पाणी, त्यावर धुकं, आणि बरंच आत पांढरी कमळं.

"हे कोनाची बोडी होय?" नंदाबाईंनी विचारलं.

"बोडी नाही आजी, दलदल आहे. हिच्या पलीकडे राक्षसाचा किल्ला. मी क्लासला जाऊन येते. टीव्ही बंद करू नको, पलीकडच्या शेकोटीजवळ पोचल्याशिवाय गेम सेव्ह होत नाही. आणि रिमोटला हात नको लावू."

आचल गेली. नंदाबाई टीव्हीसमोर बसल्या आणि बसूनच राहिल्या. अर्जुनी मोरगावजवळच्या त्यांच्या माहेरी धानाच्या बांध्यांना लागून अशीच एक बोडी होती, लहानसा तलाव. शिंगाडे काढायला त्या आणि धाकटा भाऊ सेवकराम तिच्यात उतरायचे. नंदाबाई काठाकाठानं जपून चालायच्या. सेवक मात्र कमळासाठी थेट मध्ये घुसायचा, कमरेपर्यंत रुतायचा आणि कसा कोण जाणे बाहेर यायचा. घरी गेल्यावर चिखलाबद्दल मार मात्र दोघांनाही मिळायचा.

कमळं जरा जवळून बघावीत एवढ्याचसाठी नंदाबाईंनी रिमोट उचललं. एक बटण दाबलं, पोरीनं एक पाऊल टाकलं. नंदाबाईंना बरं वाटलं. त्यांनी आणखी थोडं दाबलं. कमळ हातभर अंतरावर आलं आणि पोरगी घोट्यापर्यंत गेली. मागे वळवायला गेल्या तर गुडघ्यापर्यंत. घाबरून सगळीच बटणं दाबली, तशी ती कमरेपर्यंत गेली.

आता आचल काय म्हणेल? यातून निघायचं कसं हे सांगणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याच्याशी नंदाबाईंचं बोलणं बंद होतं. सेवकरामांच्या मुलीच्या लग्नात नंदाबाईंनी वरपक्षासमोर भाजी खारट झाल्याचं सांगितलं होतं. "मग नको खाऊ," असं सेवकराम म्हणाले होते, आणि त्या खरोखरच न जेवता निघून आल्या होत्या. तेव्हापासून दोन्ही घरांत फक्त लग्नपत्रिका येत-जात. माणसं नाहीत.

पडद्यावरच्या पोरीकडे बघत त्यांनी फोन लावला.

"सेवक, मी नंदा बोलून राहिली. मी गाळात फसली."

"कुठं?"

"बोडीत. कमळाले गेली होती. कमरेपावेतो गेली ना. हालली का अजून खाली जाते. तू कसा निघत होता रे?"

"हालू नको बाई. आंगावरचं जड असन ते काढून फेक. मी येऊन राहिलो."

"तू कायले येतं? फक्त सांग ना—"

फोन बंद पडला. नंदाबाईंच्याच फोनचं चार्जिंग संपलं होतं, पण त्यांची समजूत झाली की भावानं तो मुद्दाम कापला. "अजून तसाच हाये," असं पुटपुटून त्यांनी फोन सोफ्यावर टाकला आणि तरीही त्याचं ऐकलं. शोधून शोधून बटणं दाबली. चिलखत गेलं, तलवार गेली, सोनेरी बूट गेले. तरी पोरगी खाली जातच राहिली, शेवटी वेणीही गाळात बुडाली. मग पोरगी पुन्हा काठावर उगवली, साध्या कपड्यांत. नंदाबाईंनी तिला पुन्हा कमळाकडे नेलं.

दिवेलागणीला आचल परतली तेव्हा हा उद्योग कितव्यांदा तरी चालू होता.

"आजी, चिलखत कुठं आहे?"

"गाळात."

"ते मिळवायला मला अख्खा उन्हाळा लागला होता."

"मंग उन्हाळ्यात पानी आटलं का काढू," नंदाबाई म्हणाल्या.

आचलला हसावं की रडावं ते कळेना. तेवढ्यात बेल वाजली. दारात तिचे बाबा ओमेश आणि त्यांच्यामागे छातीपर्यंत वाळलेल्या चिखलानं माखलेले सेवकराम. खांद्यावर दोराचं वेटोळं.

"सेवक? तू काऊन असा दिसून राहिला?"

सेवकराम उंबऱ्यातच बसले. बोडी म्हटल्यावर त्यांना माहेरचीच बोडी आठवली होती. बाई न कळवता येऊन पाण्यात उतरली, असं समजून त्यांनी अर्धा गाव गोळा केला. बकाराम ढिवरानं जाळं टाकलं. सेवकराम स्वतः मध्ये शिरले आणि असे रुतले की त्यांनाच या दोरानं ओढून काढावं लागलं. मग कोणाला तरी ओमेशचा नंबर सापडला. ओमेशनं दुकानातून शेजाऱ्यांना विचारून सांगितलं, आई घरीच आहे, टीव्ही पाहते आहे.

"मंग कायले आला? समजलं होतं ना मी घरी हाये?"

"डोयानं पाहाले," सेवकराम म्हणाले. "आंघोय केली असती तं गाडी चुकली असती."

नंदाबाई आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि ओमेशचा लेंगा घेऊन आल्या. आचलनं टीव्हीतली दलदल दाखवली, तशी सेवकरामांनी ती बराच वेळ न्याहाळली.

"याच्यासाठी मी बुडून राहिलो होतो? या वयात असे खेळ खेळते का कोनी, बाई?"

"आपल्या बोडीत यंदा कमळं हायेत?" नंदाबाईंनी हळूच विचारलं.

"होती. बकारामच्या जाळ्यात सारी आली. तू नाई आली, कमळंच आली." मग ते जमिनीकडे बघत म्हणाले, "कळ्या हायेत अजून. सकाळच्या गाडीनं चाल."

"बलावून राहिला का हुकूम देऊन राहिला?"

"नेऊन राहिलो."

नंदाबाई लुगडी काढायला आतल्या खोलीत गेल्या. त्यांची पाठ वळताच सेवकराम उठले, सोफ्याला चिखल लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरून टीव्हीसमोर बसले आणि आचलच्या हातातलं रिमोट त्यांनी अलगद काढून घेतलं.

"गाडीले टाईम हाये," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तवरिक सांग, हिले मधात न्यायचं कसं?"